राखीव गड्याचा हजेरीपट



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने समोर बसून ऐकावे, ही रीत मला अधिक मानवते. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर नि मोफत वाचनालयात पुष्कळ झाले. तरी चालकांनी आग्रह केला आणि विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा मी एका खेळाडूचा विषय घेतला. युनियनवाल्याने खेळावर का बोलावे, असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्याने थोडा धीर धरावा. मी मुळात मस्टरवरच बोलणार आहे. फरक इतकाच, की हे मस्टर अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मैदानावरचे आहे.

मार्च २०२५ मध्ये ज्युनिअर ब्रिजमन नावाचा एक गृहस्थ ७१व्या वर्षी लुइव्हिल या शहरी वारला. वार्ता आली ती मोठा उद्योगपती गेला म्हणून. त्याची शेकडो उपाहारगृहे, शीतपेय बाटल्यांत भरण्याचा त्याचा कारखाना, अब्ज डॉलरहून अधिक मानली गेलेली त्याची संपत्ती, यांचे वर्णन होते. तो पूर्वी बास्केटबॉल खेळत असे, हे त्याखाली होते. आणि तो खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष होता, हे एखाद्या ओळीत. मी ती एक ओळ धरून मागे गेलो आणि त्याचा हंगामवार हिशेब काढून बसलो. त्या हिशेबात मला जे दिसले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द, कारण सर्वांनाच तो ठाऊक असेल असे नाही. बास्केटबॉलमध्ये एका बाजूचे पाच गडी मैदानात असतात. बाकीचे कडेला बाकावर बसतात. ते राखीव. क्रिकेटमधला बारावा गडी आपणांस माहीत आहे. त्याने चेंडू अडवायचा, बॅट मात्र धरायची नाही. बास्केटबॉलचा राखीव गडी तसा नव्हे. तो मैदानात आला की पुरा गडी असतो. सगळे अधिकार, सगळी जबाबदारी. पुन्हा बाहेर जाऊ शकतो, पुन्हा आत येऊ शकतो. अमेरिकेच्या व्यावसायिक संघांचा सामना ४८ मिनिटांचा. पहिले पाच गडी थकतात, त्यांच्या नावावर दंड चढतात, तेव्हा बाकावरून पहिला जो उठतो त्याला तिकडे ‘सहावा गडी’ म्हणतात. बॉस्टनच्या संघाचा प्रशिक्षक रेड आवरबाख याने १९५०च्या दशकात ही युक्ती मुद्दाम रूढ केली. एक चांगला गडी तो राखून ठेवी आणि समोरचे दमले की आत सोडी. आधी फ्रँक रॅमझी, नंतर जॉन हॅव्हलिचेक हे त्याचे सहावे गडी.

ब्रिजमन हा असा सहावा गडी होता. जन्म १९५३, इंडियाना राज्यातील ईस्ट शिकागो या गावी. गाव पोलाद-कारखान्यांचे आणि बापही पोलादाच्याच कारखान्यात. १९७१ साली त्याच्या शाळेचा संघ २९ सामने खेळला आणि एकही न हरता राज्याचा विजेता ठरला. पुढे तो लुइव्हिलच्या विद्यापीठात गेला. १९७५ साली तो संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पोचला आणि जादा वेळेत एका गुणाने हरला. गंमत अशी, की ज्या संघाने त्यांना हरवले त्यात ब्रिजमनचा शाळेतला जोडीदार पीट ट्रगोविच होता.

त्याच वर्षी व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले. ही निवड कशी होते ते ऐका. संघांचे मालक ओळीने बसतात आणि एकेका तरुणावर बोट ठेवतात. ज्याच्यावर ज्याचे बोट पडले, त्याच्याचकडे त्या तरुणाने जायचे. ब्रिजमनवर आठव्या क्रमांकाला लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे बोट पडले. पण तो तेथे एक दिवसही खेळला नाही. मिलवॉकीच्या बक्स संघाकडे करीम अब्दुल-जब्बार हा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू होता. तो लेकर्सला हवा होता. सौदा ठरला. करीम तिकडे गेला आणि त्याच्या बदल्यात चार जण इकडे आले. त्या चारांत आमचा ब्रिजमन. एका थोर माणसाच्या किमतीची ही मोड! मिलवॉकीच्या लोकांनी त्याचे स्वागत कोणत्या मनाने केले असेल, याची आपण कल्पना करू शकता.

आता हजेरीपट. पहिला हंगाम १९७५-७६. संघाचे सामने ८२. ब्रिजमन ८१ खेळला. सामन्यामागे गुण आठ-नऊ. दुसरा हंगाम, ८२ पैकी ८२, गुण चौदाच्या आसपास. तिसरा, पुन्हा ८२. चौथा, पुन्हा ८२, आणि गुण पंधराच्या वर. म्हणजे पहिल्या चार वर्षांत ३२८ सामन्यांपैकी ३२७ ठिकाणी हजर. एक खाडा! आणि संघ या काळात काही मोठा विजयी नव्हता. दुसऱ्या हंगामात तर त्यांनी ३० सामने जिंकले आणि ५२ गमावले. हरणाऱ्या संघात रोज कामावर येणे हे जिंकणाऱ्या संघात येण्यापेक्षा अवघड असते, हे काम करणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

पाचवा हंगाम १९७९-८०. हा त्याचा सर्वांत भरीव. ८१ सामने आणि गुण सतराच्या वर. संघाचे विजय आदल्या वर्षी ३८ होते, ते ४९ झाले. सहाव्या हंगामात तो ७७ सामने खेळला. त्याचे सरासरी गुण किंचित उतरले, पण संघ ६० सामने जिंकला. याच वर्षी फिलाडेल्फियाशी झालेल्या बाद फेरीत सातव्या सामन्यापर्यंत झुंज गेली आणि मिलवॉकी ९९ विरुद्ध ९८ असा हरला. सातवा हंगाम, सामने फक्त ४१. आठवा, ७०. नववा, ८१ आणि गुण पुन्हा पंधराच्या घरात.

मग सप्टेंबर १९८४ मध्ये, नऊ वर्षांनंतर, पुन्हा सौदा. मिलवॉकीने त्याला आणि आणखी दोघांना लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाकडे धाडले आणि तिकडून तिघे घेतले. ज्या तिघांना घेतले त्यांत रिकी पिअर्स होता. तो पुढे मिलवॉकीचा सहावा गडी झाला आणि उत्कृष्ट सहाव्या गड्याचे पारितोषिक त्याने दोनदा मिळवले. ते पारितोषिक १९८२-८३ मध्ये, म्हणजे ब्रिजमनच्या आठव्या हंगामात सुरू झाले. ब्रिजमनला ते कधी मिळाले नाही. त्याची कामाची जी भरीव वर्षे होती, त्या वर्षांत त्या कामाला पारितोषिकच नव्हते.

क्लिपर्सकडे पहिल्या वर्षी ८० सामने आणि गुण चौदाच्या जवळ. दुसऱ्या वर्षी ५८ सामने, गुण नऊच्या घरात. शेवटच्या, म्हणजे बाराव्या हंगामात तो मिलवॉकीला परत आला. ३४ सामने, गुण पाच. १९८७ साली खेळ संपला. वय अवघे तेहेतीस.

बेरीज अशी. एकूण सामने ८४९. एकूण सरासरी साडेतेरा गुण आणि तेही सामन्यातील सुमारे निम्म्या वेळात. त्यांपैकी मिलवॉकीसाठी ७११. त्या संघाकडून तोवर इतके सामने कोणी खेळले नव्हते. यानिस अँटेटोकुन्पो याने तो आकडा मागे टाकीपर्यंत अनेक वर्षे हा विक्रम ब्रिजमनच्या नावावर राहिला. आता दुसरा आकडा ऐका. या ७११ सामन्यांपैकी पहिल्या पाचांत त्याचे नाव पुकारले गेले ते १०५ वेळा. ६०६ वेळा तो बाकावरून उठून आला.

मंडळी, ज्याची हजेरी सर्वांत अधिक, तो संघाच्या यादीत राखीव! हे वाचल्यावर मला आमच्याकडचा एक शब्द आठवला. मुंबईच्या गिरण्यांत ‘बदली’ हा शब्द दोन-तीन पिढ्यांनी भोगला. सकाळी फाटकावर यायचे, कायम कामगाराचा खाडा पडला असेल तर आत जायचे, नसेल तर डबा घेऊन माघारी. दोघांची तुलना मी मर्यादेतच करतो. ब्रिजमनच्या हाती करार होता. बाकावर बसला तरी पगार सुटत नव्हता, आणि तो पगार कोणत्याही गिरणी-कामगाराच्या स्वप्नातही आला नसता. बदली कामगाराला बसल्या दिवसाचा पैसा नव्हता. इतका फरक असूनही एक गोष्ट दोघांत सारखी आहे. दोघांच्याही कामाचे मोल त्यांच्या नावापुढच्या शब्दावरून ठरवले जाते आणि काम पाहायला कोणी जात नाही.

माझ्या अनुभवातले एक उदाहरण देतो. एका यंत्र-कारखान्यात मी संघटनेचे काम करीत होतो. तेथे रिलीव्हर म्हणून काही माणसे होती. कोणी चहाला गेला, कोणी रजेवर गेला, की रिलीव्हरने त्याच्या यंत्रावर उभे राहायचे. साहजिकच या लोकांना पाच-पाच, सहा-सहा यंत्रे येत असत. कायम माणसाला एक येई. आणि वेतनश्रेणीत रिलीव्हर सर्वांत खाली! व्यवस्थापनाचे म्हणणे, त्यांचे स्वतःचे असे यंत्र नाही. आम्ही वर्षाचा हजेरीपट काढून दाखवला. रिलीव्हरांचे भरलेले दिवस कायम माणसांपेक्षा जास्त निघाले. त्यावर साहेब म्हणाले, हजेरी म्हणजे कौशल्य नव्हे. ते खरे आहे. पण सहा यंत्रे चालवता येणे यालाही कौशल्य म्हणायचे नसेल, तर तो शब्द कोशातून काढून टाकावा हे बरे.

येथे एक विचारी श्रोता मला अडवील. तो म्हणेल, ब्रिजमनच्या सातव्या हंगामाचे काय? तो निम्मेच सामने खेळला, आणि तरी त्याच्या संघाने ५५ सामने जिंकले. मग राखीव गड्यावाचून काय अडले? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की त्या संघात मार्कस जॉन्सन होता, सिडनी मॉनक्रीफ होता, बॉब लॅनिअर होता आणि डॉन नेल्सनसारखा प्रशिक्षक होता. चांगल्या संघाची खूणच ही, की त्यातल्या एकाचा खाडा इतर भरून काढतात. जो बाकीची वर्षे इतरांचे खाडे भरीत होता, त्याचा त्या वर्षी इतरांनी भरला. एका माणसावाचून अडत नाही म्हणून त्या माणसाची किंमत शून्य, हा हिशेब ज्यांना सोयीचा असतो त्यांना आपण सगळे ओळखतो. आज त्याच्यावाचून अडले नाही, उद्या तुमच्यावाचून अडणार नाही. या हिशेबाने शेवटी कोणाचीच किंमत उरत नाही.

आता त्या एका ओळीकडे येतो. १९८५ साली खेळाडूंनी आपल्या युनियनचा अध्यक्ष म्हणून ब्रिजमनला निवडले.

ही युनियन लहान, पण जुनी. १९५४ साली बॉब कूझी या बॉस्टनच्या खेळाडूने ती उभी केली. कूझी तेव्हा मोठे नाव होते. त्यानंतर टॉम हाइन्सोन. त्याच्या काळात १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टनला निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता. दूरचित्रवाणीवर तो दाखवला जायचा होता. निवृत्तिवेतनाची मागणी वर्षानुवर्षे टोलवली जात होती. खेळाडूंनी त्या संध्याकाळी पोशाखाच्या खोलीचे दार लावून घेतले आणि सांगितले, शब्द मिळेपर्यंत बाहेर येणार नाही. शब्द मिळाला, मगच चेंडू उडाला. पुढे ऑस्कर रॉबर्टसन अध्यक्ष झाला. तोही अग्रगण्य खेळाडू. १९७० साली त्याच्या नावाने मालकांविरुद्ध दावा गुदरला गेला. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाकडे राखून ठेवण्याचे जे कलम होते, त्यावर हा घाव होता. सहा वर्षांनी, १९७६ मध्ये तडजोड झाली. मग पॉल सायलस, त्यानंतर बॉब लॅनिअर. लॅनिअरच्या कारकिर्दीत १९८३ साली करार झाला, की उत्पन्नापैकी शेकडा ५३ वाटा खेळाडूंचा. पण त्याच वेळी प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादाही आली. काही मिळाले, काही द्यावे लागले. करार असाच असतो.

आणि यानंतर ब्रिजमन, बाकावरचा गडी. यात मला नवल वाटत नाही. बाकावर बसणाऱ्याला सगळे दिसते. कोण पाय ओढत चालला आहे, कोण दुखणे लपवतो आहे, कोणाचे नाव पुढच्या वर्षी यादीत नसेल, हे मैदानात धावणाऱ्याला पाहायला सवड नसते. शिवाय जो दोनदा सौद्यात गेला, त्याला सौदा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१९८७ च्या उन्हाळ्यात जुना करार संपला. करार संपल्यावर जुन्या अटींचे काय, हा प्रश्न कुठल्याही युनियनवाल्याला झोपेतून उठवून विचारा. मालकांचे म्हणणे, नवा करार होईतो जुन्या अटी चालू. खेळाडूंचे म्हणणे, करार संपला तेथे अटी संपल्या. त्या अटी तीन होत्या. पहिली, बोट ठेवून निवड करण्याची. दुसरी, पगाराच्या मर्यादेची. तिसरी अशी, की खेळाडूला दुसऱ्या संघाने बोलावले तरी जुन्या मालकाने तेवढीच रक्कम देऊ केली की त्याला तेथेच राहणे भाग. ऑक्टोबर १९८७ मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला. दाव्याचे नाव ब्रिजमन विरुद्ध राष्ट्रीय बास्केटबॉल संघटना. न्यायालयाने खेळाडूंची बाजू पुरी मानली नाही आणि मालकांचीही नाही. करार संपताच अटी कोसळत नाहीत, पण त्या कायमच्या टिकतात असेही नव्हे, असा मधला निवाडा त्याच वर्षी दिला. मग दोन्ही बाजू वाटाघाटीला बसल्या आणि एप्रिल १९८८ मध्ये तडजोड झाली.

काय मिळाले? पगाराची मर्यादा राहिली. निवडही राहिली, पण तिच्या फेऱ्या १९८८ साली तीन आणि १९८९ पासून दोनच झाल्या. त्यापूर्वी सात फेऱ्या होत, त्याहूनही पूर्वी दहा. म्हणजे यादीच्या तळाशी असलेल्या तरुणावर आता कोणाचे बोट नाही. त्याने आपण होऊन संघ निवडावा. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की ज्याची सात वर्षे भरली आणि दोन करार पुरे झाले, तो पूर्ण मोकळा. जुन्या मालकाचा त्याच्यावर हक्क नाही. त्याच उन्हाळ्यात टॉम चेंबर्स हा खेळाडू या हक्काने सिअ‍ॅटल सोडून फीनिक्सला गेला. अशा रीतीने जाणारा तो पहिला.

आता पुन्हा हजेरीपट उघडा. ब्रिजमनचा शेवटचा हंगाम १९८६-८७. दावा दाखल झाला ऑक्टोबर १९८७ मध्ये. हक्क मिळाला १९८८ मध्ये. ज्या हक्कासाठी कोर्टाच्या कागदावर त्याचे नाव चढले, त्या हक्काचा एक दिवसही त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या नवव्या हंगामानंतर त्याला न विचारता दुसऱ्या गावी धाडले, तेव्हा हा हक्क नव्हता. हक्क आला तेव्हा तो खेळत नव्हता. कारकिर्दीत त्याचा पगार वर्षाला साडेतीन लाख डॉलरच्या वर कधी गेला नाही, असे सांगतात. त्याच्यामागून आलेल्यांचे आकडे आपण वृत्तपत्रांत वाचताच.

कोणी विचारील, लाखो डॉलर मिळवणाऱ्यांना युनियन कशाला? मी उलट विचारतो, त्यांच्या मालकांना संघटना कशाला? मालकांची संघटना आधी होती, खेळाडूंची नंतर झाली. मिळकत किती यावर संघटनेचा हक्क अवलंबून नसतो. आपण कोठे काम करायचे हे दुसऱ्याने ठरवायचे आणि आपल्याला वृत्तपत्रातून कळायचे, ही स्थिती पगार फुगल्याने बदलत नाही. तसेच सर्वांचाच पगार मोठा असतो हेही खरे नव्हे. पहिल्या पाचांतला थोर खेळाडू एकटाही मालकाशी घासाघीस करू शकतो. करार लागतो तो बाराव्या माणसाला.

आणखी एक आक्षेप आहे, तो टाळणे प्रामाणिकपणाचे नव्हे. हाच ब्रिजमन पुढे मालक झाला. वेंडीज नावाच्या उपाहारगृहांच्या शाखा त्याने चालवायला घेतल्या. दीडशेच्या वर शाखा झाल्या, दुसऱ्या एका साखळीच्या शंभरावर. ती सगळी २०१६ साली विकून पुढच्या वर्षी तो कोका-कोला भरण्याच्या धंद्यात शिरला. २०२० साली त्याने ‘एबनी’ आणि ‘जेट’ ही निग्रो समाजाची, आजच्या भाषेत कृष्णवर्णी अमेरिकनांची, नामवंत नियतकालिके विकत घेतली. २०२४ साली ज्या मिलवॉकी संघात तो खेळला त्या संघाचा दहा टक्के भागीदार झाला. म्हणजे ज्या टेबलाच्या एका बाजूला तो बसला होता त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. मालक म्हणून तो कसा होता, याचा हिशेब त्याच्या उपाहारगृहांत भांडी घासणाऱ्यांच्या मस्टरवरून करावा लागेल, आणि तो अधिकार त्यांचा. मला त्याची मूर्ती उभारायची नाही. पण माणूस पुढे कोठे गेला यावरून त्याने मागे जे करून ठेवले ते पुसता येत नाही. १९८८ च्या करारावर त्याच्या संपत्तीचा डाग नाही. तो करार त्या वेळी बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या उपयोगी पडला.

मिलवॉकीने १९८८ साली त्याच्या दोन क्रमांकाचा सदरा निवृत्त केला, म्हणजे तो आकडा त्या संघात पुन्हा कोणी घालायचा नाही. राखीव गड्याला असा मान क्वचित मिळतो. तो मान ६०६ वेळा बाकावरून उठणाऱ्याला मिळाला, हे मिलवॉकीच्या लोकांना भूषणावह आहे.

माझे सांगणे एवढेच, की याद्या आपल्या हाती रोज येतात. शाळेच्या समितीची, पतपेढीची, नगरपालिकेच्या सफाई खात्याची, आपल्या स्वतःच्या कचेरीची. त्यांत ‘कायम’ आणि ‘बदली’, ‘मुख्य’ आणि ‘साहाय्यक’, ‘पूर्ण वेळ’ आणि ‘कंत्राटी’ असे रकाने असतात. पहिला रकाना वाचून कागद मिटू नका. हजेरीचा रकाना मागा. तो दाखवायला टाळाटाळ झाली, तर समजा की त्यात काही वाचण्यासारखे आहे.